वडिलांच्या कण्यातील मार्ग अरुंद झाला आहे: दुर्बिणीची शस्त्रक्रिया, इंजेक्शन की स्क्रू?

नीराकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. ते सासवडजवळच्या एका वाडीत राहतात आणि सव्वीस वर्षे आळंदी ते पंढरपूर पायी वारी करत आले आहेत. गेल्या आषाढीला दिवे घाट ते एकदाही न थांबता चढून आले. मात्र पुढे सासवडहून जेजुरीकडे जाताना सरळ, सपाट डांबरी रस्त्यावर त्यांना दर अर्ध्या किलोमीटरला खाली बसावे लागले. चालताना दोन्ही पोटऱ्यांत गोळे येतात, तळपायांना मुंग्या येतात आणि पाय इतके जड होतात की उचलवत नाहीत. मैलाच्या दगडावर दोन मिनिटे पुढे वाकून बसले की सगळे ओसरते. उठून चालू लागले की पुन्हा तेच. दिंडीतील पाण्याची हातगाडी ढकलत चालले, तर ते याच्या तिप्पट अंतर जातात. सायकलवरून शेतात जाऊन येण्यास आजही काही अडचण नाही.

त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यामुळे आम्ही आधी पायांच्या रक्तवाहिन्या तपासून घेतल्या. त्या ठीक निघाल्या. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या दरम्यान नसांचा मार्ग तीव्र अरुंद झाल्याचे दिसते. तिथले अस्थिबंध जाड झाले आहेत, मणक्यांमधली गादी फुगली आहे आणि चौथा मणका पाचव्यावर किंचित पुढे सरकला आहे. त्याच्या वरच्या पातळीवरही मध्यम अरुंदपणा आहे.

आम्ही तीन ठिकाणी दाखवले. पहिल्या ठिकाणी दुर्बिणीतून नस मोकळी करू असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी मणका सरकला असल्याने स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडल्याशिवाय उपाय नाही असे सांगितले आणि खर्च जवळपास तिप्पट सांगितला. तिसऱ्या ठिकाणी आधी इंजेक्शन देऊन पाहू असे म्हणाले. ते इंजेक्शन आम्ही घेतले. तीन आठवडे बरे वाटले, चार दिवस साखर तीनशेच्या वर होती आणि नंतर दुखणे मूळपदावर आले. एका जाहिरातीत तर लेझरने, बिनटाक्याची, त्याच दिवशी घरी पाठवणारी चिकित्सा असल्याचे वाचले. एकाच कंबरेसाठी चार वेगवेगळी उत्तरे मिळाल्यावर वडील म्हणाले, "मला वारीचे नको, निदान घरापासून देवळापर्यंत न बसता जाता येईल असे बघा." ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_अस्थिवैद्य

नीराकाठ ताई, आपण लक्षणांचे जे वर्णन केले आहे, ते अनेक तपासण्यांपेक्षा अधिक बोलके आहे. चढावर त्रास नाही, सपाटीवर त्रास आहे, हातगाडी ढकलताना कमी आहे आणि सायकलवर अजिबात नाही, या चारही गोष्टींचे कारण एकच आहे. आपण पुढे वाकतो तेव्हा कण्यातील नसांचा मार्ग किंचित रुंद होतो आणि मागचा पिवळा अस्थिबंध ताणून सपाट होतो. ताठ उभे राहिले किंवा मागे झुकले की तोच अस्थिबंध दुमडून मार्गात शिरतो. चढ चढताना माणूस आपोआप पुढे झुकतो, उतरताना मागे रेलतो. रक्तवाहिन्यांच्या विकारात असे होत नाही. तिथे सायकल चालवतानाही पोटरी दुखते आणि नुसते उभे राहिले तरी आराम पडतो, बसावे किंवा वाकावे लागत नाही. एमआरआय आडवे झोपवून काढतात, त्यामुळे ताठ चालताना आतला मार्ग किती आवळला जातो ते त्या चित्रात पूर्णपणे येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

थोडी शरीररचना सांगतो. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा जुडगा असतो. या जुडग्याच्या पुढे गादी, मागे पिवळा अस्थिबंध आणि हाडाची कमान, तर दोन्ही बाजूंना मणक्यांचे छोटे सांधे असतात. वयानुसार गादी फुगते, अस्थिबंध जाडावतो आणि सांध्यांची हाडे वाढतात, म्हणजे मार्ग तिन्ही बाजूंनी आक्रसतो. लोक याला मणक्यात गॅप आला असे म्हणतात. प्रत्यक्षात मोकळी जागा उरलेली नसते. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील मज्जाशल्यविशारद हेंक फर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये या विकाराचे जे सविस्तर वर्णन केले, त्यात चालताना येणारी आणि बसल्यावर जाणारी हीच तक्रार केंद्रस्थानी आहे. तरुण माणसाची गादी फुटून एका पायात कळ जाणे हा वेगळा प्रकार आहे. तो बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये प्रथम ठामपणे मांडला. या दोन आजारांत गल्लत झाली की उपचारही चुकतो, म्हणून हा फरक आधीच सांगितला.

आता लहान छेदाच्या शस्त्रक्रियेविषयी. जुन्या पद्धतीत पाठीच्या मध्यावर लांब छेद घेऊन स्नायू हाडापासून खरवडून बाजूला करावे लागत आणि मागची संपूर्ण कमान काढली जाई. १९७७ मध्ये यासारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली गादी काढण्याची पद्धत मांडली आणि छेद दोन-तीन सेंटिमीटरवर आला. १९९७ च्या सुमारास नळीची पद्धत आली. तीत एकात एक बसणाऱ्या नळ्या सरकवून स्नायूंचे तंतू न कापता फाकवले जातात आणि सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून सारे काम होते. दुर्बिणीच्या पद्धतीत छेद आणखी लहान असतो आणि आतून सतत सलाइनचा प्रवाह चालू असतो. मात्र आत गेल्यावर काम तेच असते: कमानीच्या हाडाचा थोडा भाग तासणे, जाड अस्थिबंध काढणे आणि नस मोकळी करणे. नळी तिरकी करून एकाच बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूची नसही मोकळी करता येते. छेद लहान म्हणजे शस्त्रक्रिया लहान, असे मात्र समजू नये. नसांवरचे पातळ आवरण फाटून पाणी झिरपणे, जंतुसंसर्ग, नसेला इजा, अपुरे काम होऊन पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे हे धोके छेदाच्या लांबीवर अवलंबून नसतात, ते मुख्यतः हातावर आणि अनुभवावर अवलंबून असतात.

साताऱ्याचा_शिक्षक

डॉक्टरांनी दोन आजारांतला जो फरक सांगितला, त्यावर माझा अनुभव लिहितो. वय ४१ असताना वर्गातला लाकडी बाक उचलताना कंबरेत कट्कन आवाज झाला. दुसऱ्या दिवसापासून डाव्या नितंबातून करंगळीपर्यंत अशी कळ जाऊ लागली की शिंक आली तरी भिंत धरावी लागे. एमआरआयमध्ये पाचव्या मणक्याखालची गादी फुटून तुकडा बाहेर आलेला दिसला. चित्र पाहून मी शस्त्रक्रियेची तारीख मागायला गेलो. तेथील डॉक्टरांनी मला चवड्यांवर आणि टाचांवर चालायला लावले, पायाची ताकद पाहिली आणि सांगितले की ताकद शाबूत आहे, लघवी-शौचावर ताबा आहे, तर सहा ते बारा आठवडे थांबण्यात धोका नाही. मला ते पटले नाही, पण पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबावेच लागले. अकराव्या आठवड्यात मी पुन्हा उभे राहून शिकवू लागलो. आज सहा वर्षे झाली.

माझा प्रश्न असा आहे की बाहेर आलेला तुकडा खरोखर विरघळतो का, की वेदनेची सवय होते?

निवृत्त_अस्थिवैद्य

सर, तो खरोखर आक्रसतो. गादीचा आतला गर तिच्या बाहेरच्या कड्यातून निसटून बाहेर आला की शरीर त्याला परका पदार्थ मानते. तिथे नव्या रक्तवाहिन्या येतात आणि पेशी तो गर हळूहळू खाऊन टाकतात. म्हणूनच अनेकदा असे दिसते की पूर्ण सुटून पडलेला मोठा तुकडा नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा अधिक प्रमाणात नाहीसा होतो. चित्रात जे सर्वांत भीतिदायक दिसते, ते पुष्कळदा आपोआप बरे होणारे असते.

आणखी एक गोष्ट सर्वांनी नोंदवावी. २०१५ मध्ये एका अभ्यासगटाने पाठदुखी अजिबात नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसली आणि ऐंशी वर्षांच्या लोकांत ९६ टक्के. फुगलेली गादी विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांना होती. यांपैकी कोणालाही दुखत नव्हते. म्हणून शस्त्रक्रिया अहवालातील शब्दांवरून ठरवू नये; रुग्णाच्या तक्रारीची जागा, तपासणीतील खुणा आणि चित्र या तिन्ही गोष्टी एकाच नसेकडे बोट दाखवत असतील, तरच सुरीचा विचार करावा.

ट्यूलिप_आणि_तुळस

मी गेली चौदा वर्षे नेदरलँड्समध्ये राहते. माझ्या पायात कळ सुरू झाली तेव्हा इथल्या घरच्या डॉक्टरांनी वेदनाशामक देऊन थांबायला सांगितले, आणि एमआरआयसुद्धा लगेच केला नाही. मला तेव्हा फार राग आला होता. नंतर कळले की त्यामागे याच देशात झालेला अभ्यास आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात जाणारी कळ, सहा ते बारा आठवडे टिकलेल्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली आणि उरलेल्यांना थांबायला सांगितले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया लागलीच. मात्र वर्षअखेरीस दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखी होती. फरक इतकाच की लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वेदना लवकर थांबल्या. ज्याला महिना-दोन महिने कामावर न जाणे परवडत नाही, त्याच्यासाठी हाच फरक मोठा असू शकतो, हेही मला प्रामाणिकपणे लिहावेसे वाटते.

छेदाच्या लांबीविषयीही इथे चाचण्या झाल्या आहेत. २००९ मध्ये नळीची पद्धत आणि नेहमीची सूक्ष्मदर्शकाची पद्धत यांची ३२८ रुग्णांवर तुलना झाली. नळीने काही अधिक साधले नाही. उलट पायाच्या आणि कंबरेच्या वेदनेच्या बाबतीत तिचे निकाल किंचित उणेच राहिले. पुढे २०२२ मध्ये कुशीतून सरकवल्या जाणाऱ्या दुर्बिणीची तुलना ६१३ रुग्णांवर झाली आणि तिचे निकाल नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड ठरले. माझी शस्त्रक्रिया शेवटी दुर्बिणीनेच झाली. मी जागी होते, पडद्यावर काम दिसत होते आणि नसेजवळ उपकरण गेले की पायात वीज गेल्यासारखे होई आणि मी तसे सांगत असे. संध्याकाळी मी घरी होते. तरीही मला कोणी विचारले, तर मी म्हणेन की पद्धतीपेक्षा आधी शल्यचिकित्सक निवडा, आणि तो ज्या पद्धतीने रोज काम करतो त्याच पद्धतीने करू द्या.

हळदीकुंकू

लेझर, ओझोन आणि सुईने गादी आतून जाळून लहान करण्याच्या पद्धतीविषयी कोणी लिहील का? आमच्या ओळखीत दोघांनी ते करून घेतले. एकाला बरे वाटले, तर दुसऱ्याचे पैसे आणि चार महिने दोन्ही गेले.

निवृत्त_अस्थिवैद्य

या सर्व पद्धती गादीच्या आत काम करतात. सुई गादीत घालून आतला गर थोडा कमी केला की आतला दाब घटतो आणि फुगवटा किंचित आत जाऊ शकतो, ही त्यामागची कल्पना आहे. १९६० च्या दशकात पपईच्या चिकातील विकर (एन्झाइम) गादीत टोचून गर विरघळवण्याची पद्धत निघाली होती. तीव्र ॲलर्जी आणि नसांच्या गंभीर गुंतागुंतींमुळे ती मागे पडली, पण कल्पना तिथूनच पुढे आली. कडे शाबूत असलेल्या, थोड्या फुगलेल्या गादीच्या तरुण रुग्णाला यातून लाभ होऊ शकतो. गर कड्याबाहेर पडला असेल, तर आतून दाब कमी करून बाहेरचा तुकडा परत येत नाही.

नीराकाठ ताईंच्या वडिलांच्या बाबतीत नसांवरचा मुख्य दाब मागच्या जाड अस्थिबंधाचा आणि सांध्यांच्या हाडाचा आहे. गादीत सोडलेला लेझर त्या ठिकाणी पोहोचतच नाही. ज्यांनी हे स्पष्ट न करता वृद्ध माणसाला बिनटाक्याची चिकित्सा देऊ केली, त्यांनी त्याच्यावर अन्याय केला, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजेक्शनविषयी थोडे लिहितो. २०१४ च्या अमेरिकी चाचणीत कण्याचा मार्ग अरुंद झालेल्या ४०० रुग्णांपैकी काहींना स्टेरॉइडसह भूल आणि इतरांना फक्त भूल टोचली. सहा आठवड्यांनी दोहोंत फारसा फरक राहिला नाही. गादीमुळे एका पायात कळ जात असेल, तर इंजेक्शन काही आठवड्यांचा दिलासा देते आणि तेवढ्यात निसर्ग आपले काम करतो, म्हणून तिथे त्याला अर्थ आहे. मधुमेह्यांची साखर चढणे अपेक्षितच असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्याविषयी आधी सांगणे अत्यावश्यक आहे. आपल्या वडिलांनी एकदा इंजेक्शन घेऊन पाहिले आहे. तीन आठवड्यांच्या लाभासाठी पुन्हा पुन्हा ते घेत राहू नये.

कोकणकडा

मला या धाग्यावर एक गोष्ट लिहायची आहे, आणि ती वाचायला अवघड असली तरी प्रत्येकाने वाचावी अशी विनंती आहे.

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे आणि ट्रक चालवतो. त्याला कंबरदुखी जुनीच होती. एका गुरुवारी दोन्ही पायांत कळा सुरू झाल्या. शुक्रवारी सकाळी शौचानंतर तांब्याने पाणी घेताना त्याला पाण्याचा स्पर्शच कळला नाही. त्याला ते विचित्र वाटले, पण संकोचामुळे त्याने बायकोलाही सांगितले नाही. दुपारपर्यंत लघवी झाली नव्हती आणि पोट तुडुंब असूनही कळ नव्हती. जवळच्या दवाखान्यात वेदनाशामक टोचून, दोन दिवस विश्रांती घ्या, सोमवारी पाहू, असे सांगण्यात आले. सोमवारी आम्ही मुंबईला पोहोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा कधीपासून आहे?" त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. तो आज चालतो. मात्र लघवीसाठी त्याला दिवसातून चार वेळा नळी घालावी लागते.

आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते की ही लक्षणे दिसली तर वाट पाहायची नसते.

निवृत्त_अस्थिवैद्य

कोकणकडा, आपण हे लिहिलेत, हे मोठे काम केलेत. घोड्याच्या शेपटीसारख्या त्या नसांच्या जुडग्यावर एकदम दाब येण्याच्या या प्रकाराला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. बसण्याच्या जागी, जननेंद्रियांभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही पायांत ताकद झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही घडले, तर तो काही तासांचा मामला असतो. वर मी आणि इतरांनी सहा ते बारा आठवडे थांबण्याविषयी जे लिहिले, ते या रुग्णांना लागू नाही. पाऊल लुळे पडून चप्पल पायातून निसटू लागली, तरीही त्याच दिवशी दाखवावे. तसेच ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, क्षयरोग किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, तर ते गादीचे दुखणे मानून बसू नये. आपल्याकडे कण्याचा क्षय आजही आढळतो.

हालचाल (भौतिकोपचारतज्ज्ञ)

मी वीस वर्षे भौतिकोपचार करते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रुग्णांच्या फोनमध्ये कंबरदुखीच्या व्यायामांचा एकच व्हिडिओ असतो, आणि पंचविशीतला मुलगा आणि पंचाहत्तरीच्या आजी तेच व्यायाम करत असतात. यातून होणारे नुकसान मी रोज पाहते.

गादी मागे सरकून पायात कळ जाणाऱ्या काही रुग्णांना पालथे झोपून छाती उचलण्याने, म्हणजे भुजंगासनासारख्या हालचालीने आराम पडतो. कळ पायातून वर कंबरेकडे येऊ लागली, तर ती चांगली खूण समजावी. अरुंद मार्गाच्या रुग्णाने हेच केले, तर दुमडलेला अस्थिबंध नसांवर आणखी दाब आणतो. त्यांच्यासाठी गुडघे छातीशी घेणे, पवनमुक्तासन, खुर्चीत बसून पुढे वाकणे आणि स्थिर सायकल उपयोगी पडते. नीराकाठ, वडिलांना चालताना काठी थोड्या कमी उंचीची द्या किंवा चाकांचा वॉकर द्या. हातगाडीने जे साधते, तेच त्याने साधते. चालण्याचे अंतर रोज त्याच रस्त्यावर मोजा आणि लिहून ठेवा. शस्त्रक्रिया करायची की नाही आणि केल्यावर काय मिळाले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या वहीत सापडतील.

अंथरुणात दोन-तीन दिवसांहून अधिक पडून राहू नये, आणि कंबरपट्टा महिनोन्महिने बांधू नये. या दोन्हींमुळे स्नायू खंगतात.

नीराकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. कोकणकडा, तुमचे लिहिणे मी वडिलांना वाचून दाखवले आणि कोणती लक्षणे दिसली तर लगेच सांगायचे ते त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. वहीही सुरू केली आहे. आमच्या वाडीच्या रस्त्यावर विजेचे खांब आहेत, त्यामुळे वडील अंतर खांबांत मोजतात. सध्या चार खांब झाले की बसावे लागते.

डॉक्टर, आता स्क्रूचा प्रश्न उरला आहे. मणका सरकला असताना नुसती नस मोकळी केली, तर तो आणखी सरकेल, असे दुसऱ्या ठिकाणी ठामपणे सांगितले होते.

निवृत्त_अस्थिवैद्य

हा या विषयातला सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ती भीती निराधार नाही. जुन्या पद्धतीत संपूर्ण कमान आणि सांध्यांचा बराच भाग काढला जाई, तेव्हा मणका खरोखर अस्थिर होण्याची शक्यता असे, आणि त्यामुळे सरकलेला मणका दिसला की जोडायचा, असा नियमच पडून गेला. २०१६ मध्ये स्वीडनमधील २४७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींची फक्त नस मोकळी केली होती आणि काहींचे मणकेही जोडले होते. दोन आणि पाच वर्षांनी मणके जोडल्याचा अधिक लाभ आढळला नाही, सरकलेल्या मणक्याच्या रुग्णांतही नाही. त्याच वेळी अमेरिकेतील ६६ रुग्णांच्या लहान चाचणीत मात्र मणके जोडलेल्यांना शारीरिक क्षमतेत थोडा अधिक लाभ झाला आणि पुन्हा शस्त्रक्रिया कमी लागल्या. नंतर २०२१ मध्ये नॉर्वेने फक्त सरकलेल्या मणक्याच्या २६७ रुग्णांवर चाचणी केली. दोन वर्षांनी ठरवलेल्या प्रमाणात सुधारणा झालेले रुग्ण नुसती नस मोकळी केलेल्या गटात ७१.४ टक्के आणि मणके जोडलेल्या गटात ७२.९ टक्के होते. पुन्हा शस्त्रक्रिया अनुक्रमे १२.५ आणि ९.१ टक्के रुग्णांना लागली.

याचा अर्थ मी असा लावतो. बहुतेक वृद्धांसाठी, मणका किंचितच सरकलेला असेल आणि मुख्य तक्रार पायांची असेल, तर सांधे राखून फक्त नस मोकळी करणे पुरेसे असते. मणके जोडण्यात वेळ अधिक लागतो, रक्तस्राव अधिक होतो, आणि ७२ वर्षांच्या मधुमेही माणसासाठी हा फरक क्षुल्लक नाही. लहान छेदाच्या पद्धतीचे खरे मोल मला इथेच दिसते: मधला अस्थिबंध आणि स्नायू जागेवर राहतात, त्यामुळे मणका अस्थिर होण्याची भीती कमी होते. मात्र पुढे आणि मागे वाकून काढलेल्या दोन एक्स-रेंमध्ये मणका ठळकपणे हलत असेल, किंवा पायांपेक्षा कंबरच असह्य दुखत असेल, तर विचार वेगळा करावा लागतो. ते दोन एक्स-रे काढले आहेत का?

नीराकाठ

नाही. तिन्ही ठिकाणी फक्त एमआरआय पाहिला.

निवृत्त_अस्थिवैद्य

मग तेच आधी करावे. त्याला फार खर्च येत नाही, आणि ते पाहिल्याशिवाय स्क्रू हवेत की नकोत हे कोणीही ठामपणे सांगू नये. वरच्या पातळीवरील मध्यम अरुंदपणाही मोकळा करणार का, आणि का, हे विचारा. शस्त्रक्रियेने पायांचे दुखणे आणि चालण्याचे अंतर सुधारते. कंबरेचे जुने दुखणे कमी होईलच असे नाही, हे वडिलांना आधीच सांगा. अनेक कुटुंबांची निराशा शस्त्रक्रिया फसल्यामुळे होत नाही, चुकीच्या अपेक्षेमुळे होते.

हळदीकुंकू

खर्चाविषयी एक उपयुक्त माहिती देते. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित विमा पॉलिसीत गादी सरकणे आणि कण्याचे विकार, अपघाताने झालेले नसतील तर, पहिल्या २४ महिन्यांत मिळत नाहीत. आम्हाला हे दाव्याच्या वेळी कळले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय बसते, ते योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला एमआरआय आणि शिधापत्रिका दाखवून भरती होण्याआधीच विचारावे.

नीराकाठ

धागा पुष्कळ खाली गेला आहे, तरी झालेली हकिकत लिहिणे माझे कर्तव्य आहे असे मला वाटते.

पुढे-मागे वाकून काढलेल्या एक्स-रेंमध्ये मणका जागचा हलत नव्हता. ते घेऊन आम्ही पहिल्या दोन्ही ठिकाणी पुन्हा गेलो. स्क्रू सुचवणाऱ्या डॉक्टरांनी ते पाहूनही आपले मत बदलले नाही, आणि का बदलले नाही हे विचारल्यावर समाधानकारक उत्तर दिले नाही. पहिल्या ठिकाणच्या डॉक्टरांनी नळीतून फक्त खालची एक पातळी मोकळी करू, वरची सध्या पायांच्या तक्रारीशी जुळत नाही म्हणून तिला हात लावणार नाही, असे कागदावर चित्र काढून समजावले. आवरण फाटण्याचा धोकाही आम्ही न विचारता सांगितला. त्याआधी दीड महिना वडिलांनी हालचाल ताईंनी सांगितलेले व्यायाम केले. चार खांबांचे सहा झाले, पण त्यापुढे वाढ होईना. तेव्हा वडिलांनी स्वतःच होकार दिला.

शस्त्रक्रियेला सुमारे दीड तास लागला. छेद माझ्या करंगळीपेक्षाही लहान आहे. संध्याकाळी त्यांना उभे केले, दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर चालवले आणि तिसऱ्या दिवशी घरी आणले. पहिले दोन आठवडे कंबर अधिक दुखली आणि आम्ही घाबरलो होतो. सहा आठवडे वाकून वजन उचलायचे नाही, असे सांगितले होते. शेतात पाण्याचे दारे धरायला जाऊ नका हे त्यांना पटवून देणे आम्हाला सर्वांत जड गेले.

आज चार महिने झाले. पोटऱ्यांतले गोळे पूर्ण थांबले आहेत. उजव्या तळपायातील बधिरपणा तसाच आहे. तो किती काळ दबलेल्या नसेचा आणि किती मधुमेहाचा हे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. कंबर सकाळी दुखते, पूर्वी दुखायची तशीच. वहीतील कालची नोंद एकतीस खांबांची आहे. देऊळ अठराव्या खांबाशी आहे. तिथे आरतीला थांबून ते पुढे ओढ्यापर्यंत गेले आणि बसण्यासाठी दगड न शोधता परत आले.

साताऱ्याचा_शिक्षक

ताई, वाचून फार बरे वाटले. यंदा वारीचे काय ठरले आहे?

नीराकाठ

सर, आळंदीपासून नाही. पालखी दिवे घाट चढून सासवडला येईल त्या दिवशी झेंडेवाडीपर्यंत गाडीने जाऊन तिथून मुक्कामाच्या तळापर्यंत चालायचे, एवढे डॉक्टरांनी मान्य केले आहे. काठी सोबत राहील, आणि मी वही घेऊन मागे असेन.